वादळ आंध्रात गेलं, पाणी आमच्याकडे आलं

आजचा विषय चक्रीवादळ. ते कसं तयार होतं, कसं मरतं आणि जाताना काय काय मोडून जातं. पण सुरुवात मी माझ्या एका चुकीपासून करणार आहे, कारण ती चूक झाली नसती तर हा भाग मी केलाच नसता.

३ डिसेंबर २०२३, रविवार. मी चेन्नईत वेलाचेरीच्या जवळ राहतो. संध्याकाळी पुण्याहून आत्याचा फोन आला, "अरे, टीव्हीवर दाखवतायत, तुमच्याकडे वादळ येतंय." मी मोबाइलवर नकाशा उघडूनच बसलो होतो. हवामान खात्यानं वादळाचा मार्ग आखून दिला होता आणि तो चेन्नईला बगल देऊन आंध्रच्या किनाऱ्याकडे जात होता. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "आत्या, काळजी करू नकोस. ते आंध्रात जातंय. २०१६ चं वरदा थेट डोक्यावरून गेलं तेव्हाही घरात थेंब आला नाही. हे तर लांबून चाललंय."

हेच मी खाली जाऊन तळमजल्यावरच्या पाट्टींनाही सांगितलं. पाट्टी म्हणजे तमिळमध्ये आजी. ऐंशीच्या पुढच्या, आणि मुलगा त्या आठवड्यात कामासाठी बाहेरगावी. त्यांनी मला विचारलं होतं, सामान वर उचलून ठेवायचं का? मी म्हणालो, काही गरज नाही.

सोमवारी पहाटे त्यांच्या घरात पाणी शिरलं. दुपारपर्यंत ते गुडघ्याच्या वर गेलं. आम्ही चौघांनी पाट्टींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यानं पहिल्या मजल्यावर आणलं. खाली फ्रीज आडवा होऊन तरंगत होता. कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात त्यांच्या लग्नाचे फोटो होते, ते गेले. वीज तीन दिवस नव्हती.

आणि वादळ? ते मंगळवारी, ५ तारखेला दुपारी, आंध्रात बापटलाजवळ किनाऱ्यावर चढलं. नकाशा अगदी बरोबर होता. चुकलो मी.

कुठे चुकलो हे कळायला आधी वादळ कशावर चालतं ते बघावं लागेल.

कुकरची वाफ हाताला लागली तर उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजते, हा अनुभव घरोघरी असेल. याचं कारण असं की पाण्याची वाफ व्हायला जी उष्णता लागते ती कुठे जात नाही, वाफेतच लपून बसते. वाफेचं पुन्हा पाणी झालं की ती बाहेर पडते. किती असते ही उष्णता? २७ अंशांचं १ लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ आठपट उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. आता चूल म्हणून बंगालचा उपसागर डोळ्यांपुढे आणा. समुद्र तापलेला, वर दमट हवा. ती वर चढते, थंड होते, वाफेचे थेंब होतात, ढग बनतात आणि लपलेली उष्णता बाहेर पडते. त्यानं भोवतालची हवा तापते, हलकी होते, आणखी वर जाते. खाली दाब कमी होतो. ती पोकळी भरायला चहूकडून हवा धावते, येताना समुद्रावरून आणखी वाफ उचलून आणते. म्हणजे आगीत तेल ओतणारा माणूस आगीनंच बोलावून घेतल्यासारखं झालं. हे चक्र एकदा लागलं की वादळ स्वतःच्या जोरावर वाढत जातं.

पण चक्र लागणं सोपं नाही. वर्षभरात समुद्रावर कमी दाबाची कितीतरी क्षेत्रं तयार होतात, त्यातली बहुतेक विरून जातात. समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर तापलेलं हवं, आणि नुसता वरचा पापुद्रा नाही, पन्नासेक मीटर खोलीपर्यंत. नाहीतर वारा पाणी घुसळतो, खालचं गार पाणी वर येतं आणि चूल विझते. मधल्या थरातली हवा दमट हवी. जागा विषुववृत्तापासून निदान पाच अंश दूर हवी. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून उत्तर गोलार्धात लांब पल्ल्याचा वारा उजवीकडे वळतो. विषुववृत्तापाशी हा वळवण्याचा जोर नसतो, त्यामुळे हवा सरळ आत शिरून खड्डा भरून टाकते. पाच अंशांच्या पुढे मात्र ती केंद्राला चुकवून त्याच्याभोवती फिरू लागते, आपल्याकडे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं. ही दिशा लक्षात ठेवा, वरदाच्या वेळी कामाला येईल.

शेवटची अट म्हणजे खालचा वारा आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा वारा यांच्यात फार फरक नको. असला तर उभा राहणारा ढगांचा मनोरा कलतो, मोडतो. मुंबईत जुलैत एवढा धो धो पाऊस पडतो मग चक्रीवादळ का नाही, असं मला पुष्कळ जण विचारतात. उत्तर इथे आहे. पावसाळ्यात खाली पश्चिमेचा वारा आणि वर पूर्वेचा जोरदार प्रवाह, अशी ओढाताण असते. म्हणून आपली वादळं पावसाळ्याच्या आधी, एप्रिल ते जून, नाहीतर नंतर, ऑक्टोबर ते डिसेंबर. चेन्नईचा पाऊसही नेमका याच शेवटच्या तीन महिन्यांतला. महाराष्ट्रात लोक स्वेटर काढतात तेव्हा इथे छत्र्या निघतात.

हरिकेन, टायफून, सायक्लोन ही तीन वेगळी वादळं नाहीत. अटलांटिकमध्ये झालं की हरिकेन, जपान-फिलिपिन्सकडे टायफून, आपल्याकडे सायक्लोन. हा शब्द घडला आपल्याच देशात. कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टननं एकोणिसाव्या शतकात तो ग्रीकवरून बनवला, वेटोळ्या सापासारखं काहीतरी, या अर्थानं. तमिळमध्ये 'पुयल'. आणि आपलं 'चक्रीवादळ' तर सरळ चित्रच काढून दाखवतं.

आता वरदा. १२ डिसेंबर २०१६, सोमवार. नाव ऐकून आपल्याला देवीचा वर आठवतो, पण ते पाकिस्ताननं सुचवलेलं होतं आणि अर्थ गुलाब. जयललिता जाऊन आठवडाच झाला होता, नोटाबंदीला महिना. वादळाचं केंद्र दुपारनंतर चेन्नईच्या आसपास जमिनीवर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता.

सकाळपासून वारा उत्तरेकडून होता. का? केंद्र आमच्या पूर्वेला समुद्रात होतं, वारा त्याच्याभोवती उलटा फिरत होता, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला तो उत्तरेकडून दक्षिणेकडेच वाहणार. तास न् तास सगळी झाडं एकाच दिशेला वाकलेली. मग दुपार कलताना एकदम शांत झालं. वादळाचा डोळा म्हणतात तो हाच. केंद्रात हवा वरून खाली उतरते, उतरताना तापते, ढग विरतात. काही लोक मोबाइल घेऊन रस्त्यावर आले. ही सगळ्यात धोक्याची वेळ असते. थोड्या वेळानं केंद्र आमच्या पश्चिमेला सरकलं आणि वारा परत आला, तो दक्षिणेकडून. सकाळभर एका बाजूला ताणून मुळं सैल झालेल्या झाडांना आता उलट्या बाजूनं धक्का. शहरात हजारो झाडं पडली. गुलमोहर, पिवळी फुलं येणारा सोनमोहोर, पर्जन्यवृक्ष अशी पसरट, शोभेची बरीच. मुळांच्या चहूबाजूंनी फूटपाथचं काँक्रीट होतं, त्यांना रुजायला जागाच नव्हती.

वाऱ्याच्या नुकसानीचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. ताशी ६० च्या वाऱ्यात डुलणारं झाड १२० मध्ये चौपट जोर सोसत असतं. कोकणातल्या लोकांना हे सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, वाऱ्याचा वेग वरदाच्याच आसपासचा. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडे नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत झोपल्या. चेन्नईत सावली गेली, तिकडे पिढीभराचं उत्पन्न गेलं.

वरदात पाऊसही झाला, काही ठिकाणी जबरदस्त झाला. पण २०१६ मध्ये ईशान्य मोसमी पावसानं पाठ फिरवली होती. तलाव रिकामे, जमीन तहानलेली. शिवाय वादळ थांबलं नाही, आलं आणि गेलं. रात्रीपर्यंत ते कर्नाटकच्या दिशेला लागलं होतं. पुढे त्याचे अवशेष अरबी समुद्रात उतरले, हे फार थोड्यांना माहीत असतं. माझ्या डोक्यात मात्र एवढंच राहिलं की डोक्यावरून वादळ गेलं तरी घर कोरडं राहतं.

आता माझी चूक. आपण वादळाची जी प्रतवारी ऐकतो, चक्रीवादळ, तीव्र, अति तीव्र, ती फक्त वाऱ्याच्या वेगावर असते. ताशी ६२ च्या पुढे चक्रीवादळ, ८९ च्या पुढे तीव्र, ११८ च्या पुढे अति तीव्र. पाऊस किती पडेल याचा या शब्दांत उल्लेखही नाही. पाऊस मुख्यतः ठरतो तो वादळ किती ओल घेऊन आलंय आणि पुढे किती वेगानं सरकतंय यावर. वाऱ्याचा वेग वेगळा आणि वादळाच्या चालण्याचा वेग वेगळा. भोवरा गरगर फिरत असतो आणि जमिनीवर मात्र हळूहळू सरकतो, तसं.

२०२३ चं ते वादळ म्हणजे मिचाँग. म्यानमारनं दिलेलं नाव, उच्चार काहीसा 'मिगजाऊम', आमच्या इमारतीत त्याचे सहा उच्चार झाले. ते चेन्नईपासून साधारण शंभर किलोमीटरवर समुद्रात होतं आणि ताशी दहाएक किलोमीटरनं सरकत होतं. आरामात सायकल चालवणारा माणूस त्याला मागे टाकेल. वादळाचे ढग केंद्रापाशीच नसतात. त्याच्याभोवती शेकडो किलोमीटर लांबीचे पट्टे असतात, जिलबीच्या वेढ्यांसारखे. केंद्र हळू सरकत असलं की हे पट्टे त्याच त्याच जागेवरून फिरत राहतात. एक जातो, दहा मिनिटं उघडीप, दुसरा येतो. रविवार रात्रीपासून सोमवारभर हेच चाललं होतं. शहराच्या बऱ्याच भागांत दोन दिवसांत ४० सेंटिमीटरहून जास्त पाऊस झाला.

४० सेंटिमीटर म्हणजे काय? १ चौरस किलोमीटरच्या वस्तीवर पडलेलं पाणी धरा. ४० कोटी लिटर. दहा हजार लिटरचे ४० हजार टँकर, फक्त एका चौरस किलोमीटरवर. आणि हे तेच शहर, जिथे २०१९ च्या उन्हाळ्यात घागरी घेऊन लोक टँकरची वाट बघत होते.

एवढं पाणी जाणार कुठे? चेन्नई जवळजवळ सपाट आहे. पाणी अड्यार आणि कूवम या नद्यांतून, बकिंगहॅम कालव्यातून समुद्रात जायचं. नद्यांची मुखं वाळूनं अडलेली. त्यात वादळ जवळ असताना समुद्रच फुगलेला असतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलनं उतरला की समुद्र साधारण १ सेंटिमीटर चढतो, पण ते किरकोळ. खरा फुगवटा वारा पाणी ढकलत आणतो त्यानं येतो. भरती त्यावर आली तर शहराचं पाणी दाराशी थांबतं. बाथरूमची मोरी तुंबली की घरात कितीही पुसा, तसं.

हाच फुगवटा उथळ किनाऱ्यावर आला की भयंकर होतो. डिसेंबर १९६४ मध्ये रामेश्वरमजवळचं धनुष्कोडी एका रात्रीत संपलं, प्रवाशांसकट आगगाडी वाहून गेली. बंगालच्या मुखाशी १९७० च्या भोला वादळात तीन लाखांहून जास्त माणसं मेली, ती मुख्यतः याच पाण्यानं. चेन्नईसमोर समुद्रतळ लवकर खोल होतो, म्हणून इथे लाट तेवढी चढत नाही. आमचं दुखणं समुद्राच्या पाण्यापेक्षा आभाळाच्या पाण्याचं.

आणि आमच्या पायाखालच्या जमिनीचं. तमिळमध्ये तळ्याला 'एरी' म्हणतात. जुन्या लोकांनी एकाच्या खाली एक अशी तळी बांधली होती, वरचं भरलं की खालच्यात. आज साड्यांच्या खरेदीसाठी मराठी पाहुणे हटकून जातात ते टी नगर १९२० च्या दशकात मांबलमचं मोठं तळं आटवून वसवलेलं आहे. वेलाचेरीच्या दक्षिणेला पल्लिकरणैची दलदल आहे, आजूबाजूच्या तळ्यांचं पाणी झेलणारी मोठी परात. तिला २०२२ मध्ये रामसर यादीत मानाचं स्थान मिळालं, पण तोवर तिच्यातला बराचसा भाग रस्ते, इमारती, कचरा यांनी भरून गेला होता. पाण्याला जुना पत्ता पाठ असतो. सोमवारी ते तिथेच आलं, मध्ये पाट्टींचं घर होतं एवढंच.

खरं म्हणजे मला हे माहीत असायला हवं होतं. १ डिसेंबर २०१५ ला तांबरममध्ये २४ तासांत ४९ सेंटिमीटर पाऊस झाला, चेम्बरमबाक्कम तलावातून पाणी सोडावं लागलं, अड्यारला महापूर आला, विमानतळावर पाणी आलं. १८७८ पासून निघणारा 'द हिंदू' दुसऱ्या दिवशी चेन्नईत छापला गेला नाही. आणि त्या दिवशी चक्रीवादळ नव्हतंच. नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. त्याला नावही नव्हतं.

आता वादळ मरतं कसं. तीन-चार वाटा आहेत. गार पाण्यावर गेलं, कोरडी हवा आत घुसली, वरच्या वाऱ्यानं डोकं उडवलं, किंवा जमिनीवर चढलं आणि वाफेचा पुरवठा तुटला. २०१७ चं ओखी आठवा. केरळ-तमिळनाडूच्या मच्छीमारांवर काळ होऊन आलेलं ते वादळ अरबी समुद्रात अति तीव्र झालं आणि मग वळून आपल्याकडे आलं. ५ डिसेंबरला मुंबईत शाळांना सुट्टी होती, महापरिनिर्वाण दिनासाठी शिवाजी पार्कवर आलेल्या लोकांची सोय शाळांमध्ये करावी लागली. पण उत्तरेकडचं पाणी गार, वरचा वारा उलटा. गुजरातेत पोहोचेपर्यंत त्यात जोर उरला नाही.

इथेच बातम्यांमधला एक शब्द घात करतो: 'कमकुवत'. वादळ कमकुवत झालं, म्हणजे त्याचा वारा कमकुवत झाला. त्यानं उचलून आणलेलं पाणी कुठेही गेलेलं नसतं. उलट, पुढे ढकलणारे वरचे वारे मंद असतील तर ते एका जागी बसून सगळं ओतून टाकतं. अमेरिकेत ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे हरिकेन टेक्सासच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा फार जोरदार होतं, पण ह्यूस्टन बुडालं ते नंतर, त्याचा वारा उतरल्यावर. चारेक दिवस ते त्याच भागात घोटाळलं आणि काही ठिकाणी एकूण दीड मीटर पाऊस झाला.

आमच्याकडे हेच ३० नोव्हेंबर २०२४ ला फेंगलनं केलं. प्रतवारीतलं सगळ्यात खालचं, साधं चक्रीवादळ. पुदुच्चेरीजवळ जमिनीवर आलं आणि तिथेच तासन् तास थबकलं. पुदुच्चेरीत एका दिवसात ४५ सेंटिमीटरहून जास्त पाऊस. दुसऱ्या दिवशी आत, तिरुवण्णामलैमध्ये, डोंगराचा कडा घरावर कोसळून एकाच ठिकाणी सात जण गेले. समुद्रापासून इतक्या आत वादळानं माणसं मरतील असं कुणाच्या मनात आलं असेल?

बंदरांवर इशाऱ्याचे बावटे लावतात, एक ते अकरा. आकडा वाढेल तसा धोका मोठा, असंच आपण धरून चालतो. दहापर्यंत ते ढोबळमानानं ठीक आहे. अकराचा अर्थ वेगळा: हवामान कार्यालयाशी संपर्क तुटला आहे, आता तुमच्या अंदाजानं काय ते करा. त्या सोमवारी दुपारी मोबाइलची रेंज गेली तेव्हा मला तो आठवला होता.

फेंगलच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी नकाशावर बाणाचं टोक कुठे जातंय ते शेवटी बघितलं. आधी बघितलं, ते पुढे किती वेगानं सरकतंय, भरती किती वाजता आहे आणि आमच्या भागातली तळी किती भरलीत. सरकणं मंद होतं. मी आणि पाट्टींचा मुलगा, दोघांनी मिळून त्यांचं कपाट, मिक्सर, गॅस, देवांच्या तसबिरी, सगळं पहिल्या मजल्यावर नेलं. पाट्टी आमच्याकडेच झोपल्या. गल्लीत घोट्याएवढं पाणी आलं, घरात आलं नाही. रविवारी सकाळी सगळं परत खाली नेलं तेव्हा पाट्टींनी कुंड्या मोजल्या. दोन फुटल्या होत्या, वादळानं नव्हे, आमच्याच हातून. त्यावरून आम्हाला जी बोलणी बसली ती मी तमिळमध्ये पूर्ण समजून घेतली नाही.